फळीवर झोपलेले काका

नोव्हेंबरचा पहिला रविवार, मिस्सेच्या प्रार्थनेनंतर. हजर: मी, आमच्या चर्चच्या सांत्वन गटातले चौघे आणि काका. जागा: शिरगावातल्या एका इमारतीचा पाचवा मजला. तिथे आमच्याच चर्चमधल्या एक मावशी अंथरुणाला खिळून आहेत आणि डॉक्टरांनी आशा सोडली आहे.

काका निवृत्त फिटर. दुःखाच्या घरी गेले की बायबलमधली वचनं सांगत नाहीत, आधी गळका नळ बघतात. बोलणं सुरू होतं ते "हां, आता बघा" असंच.

मावशींना एकच धास्ती. लिफ्टमध्ये शवपेटी मावत नाही, जिन्यात वळणार नाही असं तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हणून त्यांच्या नवऱ्याला खुर्चीवर बसवून, चादरीने बांधून खाली नेलं होतं. "मला आडवीच न्या रे," त्या म्हणाल्या.

"हां, आता बघा," म्हणत काकांनी पेटीच्या मापाची फळी आणली आणि स्वतःच तिच्यावर झोपले. "उचला!"

"काका, पडलात तर?"

"मग दोन पेट्या मागवा!"

चौघे जिना उतरू लागले. प्रत्येक वळणावर काका पडल्यापडल्या ओरडत होते, "डोकं वर! पाय भिंतीकडे! नीट लक्षात ठेवा, मावशी सांगायला उठणार नाहीत!"

तळमजला आला तशी मी टाळ्याच वाजवल्या. काकांनी परत वर येऊन दारातूनच हाक दिली, "मावशी, जमलं!"

आतून क्षीण पण स्पष्ट उत्तर आलं, "मग आता घाई नाही!"

फक्त दुसऱ्या मजल्यावर फळी एका घराबाहेरच्या चपलांच्या कपाटाला घासली. ते हलवायला हवं. कशासाठी, हे त्या घरी कोणी सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.