तंबोरा वजा करून

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. फरीदाबादला एका कारखान्याच्या ऑफिसात मी नोकरी करते, दोन खोल्यांत एकटी राहते आणि उरलेल्या वेळात गाणी करते. स्वतःच चाल लावायची, स्वतःच गायचं, स्वतःच नेटवर चढवायचं. ऐकणारे किती, ते विचारू नका. घर फार शांत वाटू नये म्हणून फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप दिवसभर चालू असतं, माझ्या काळी पाचच्या पट्टीत. गाणाऱ्यांना ही सवय असतेच, माझी जरा हाताबाहेर गेली होती. भाजी चिरताना तंबोरा, केर काढताना तंबोरा. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं, बस.

खरा तंबोरा बाबांकडे, दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये. तो आईचा. आई गायची आणि बाबा मागे तंबोरा घेऊन बसायचे. "सरकारी माणसाला एवढंच जमतं," असं तेच म्हणायचे. आई गेल्यावर ते माझ्यामागे बसायला लागले. दर रविवारी मी मेट्रोने जायचे. आम्हा बापलेकीत बोलणं बेताचंच. "जेवलीस?" "हो." "ऑफिस?" "ठीक." मग ते गवसणी काढायचे आणि अर्धा अर्धा तास तारा जुळवत बसायचे. "बाबा, झालं की हो आता!" म्हणून मी करवादायचे. खरं सांगू? त्या रविवारवरच मी अख्खा आठवडा ढकलत होते. त्यांचंही तसंच असावं, पण विचारणार कोण?

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही महिनाभर घोटलेलं माझं एक नवं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं. आवाज नको म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. बाबा बनियनवर बसले होते आणि घामाने निथळत होते. पण गाणं मात्र अगदी मनासारखं जमलं. तंबोरा आडवा ठेवत बाबा म्हणाले, "बिल्कुल तुझ्या आईसारखं." एवढं कौतुक त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

फरीदाबादला येऊन फोन लॅपटॉपला जोडून ऐकलं, तर गाण्याच्या मागे शेजाऱ्यांच्या एसीची घरघर. माझं डोकंच फिरलं. आवाज स्वच्छ करून देणाऱ्या साइट नेटवर असतात. त्यातल्या एकीवर फाइल चढवली आणि 'घरघर काढा', 'रिकाम्या जागा कमी करा' अशी दोन्ही बटणं दाबली. दोन मिनिटांत गाणं लख्ख! एसी गायब, रस्ता गायब. फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून मूळ फाइल लगेच उडवली. गाणं नेटवर टाकलं, बाबांना पाठवलं आणि स्वतःवर भलतीच खूश होऊन पोळ्या लाटायला घेतल्या.

बाबांचा मेसेज आला, "छान. एकदम स्वच्छ."

गुरुवारी गाण्याखाली कुणा अनोळखी माणसाने लिहिलं, 'आवाज फार सुंदर. पण तंबोरा का घेतला नाही?' मी उसळलेच. कान आहेत की भोकं, असंच लिहिणार होते. पुरावा हवा म्हणून लॅपटॉपवर गाणं लावलं. अर्ध्यावर फोनची बॅटरी संपली, अ‍ॅप बंद पडलं, आणि लॅपटॉपमध्ये मी एकटीच गात राहिले.

मशीनच्या लेखी जो आवाज एकसारखा चालतो ती घरघर. एसी तसा, तंबोराही तसाच. त्याला काय कळतंय! पण मला? तपासताना माझं अ‍ॅप चालू होतं, त्याच स्वरात, त्यामुळे मला तंबोरा ऐकू येतच होता. कपाळ माझं! माझ्या बापाला मी पुसून टाकलं होतं आणि वर तेच त्याला ऐकायला पाठवलं होतं.

फोन चार्जिंगला लावून लगेच बाबांना फोन केला. "बाबा, तुमचा तंबोरा गाण्यातून चुकून पुसला गेला हो."

"असू दे गं. तुमच्याकडे आता सगळी मशीनं असतात."

"रविवारी परत रेकॉर्ड करू."

"बघू," ते म्हणाले.

त्या साइटवर 'काढलेला आवाज' अशी वेगळी फाइल अजून शिल्लक होती. ती उतरवून घेतली. तिच्यात एसी होता, खालच्या भाजीवाल्याची हाक होती आणि बाबांचा तंबोरा होता. आणि तंबोऱ्याच्या आत, अगदी तोंडातल्या तोंडात, बाबा गुणगुणत होते. माझं गाणं! ओळन् ओळ त्यांना पाठ होती. इतके रविवार मी त्यांच्याकडे पाठ करून गायले आणि मला पत्ता नव्हता. मी लॅपटॉपपुढे बसून हमसाहमशी रडले. मग दोन्ही फाइली एकमेकींवर बसवायचा प्रयत्न केला, पण माझ्या गाण्यातल्या रिकाम्या जागा कापल्या गेल्या होत्या. पहिल्या ओळीनंतर मी पुढे निघून जायचे आणि बाबा मागे राहायचे.

रविवारी मयूर विहारला गेले तर कोपरा रिकामा. सतरंजी तेवढी होती.

"मराठी मंडळाच्या हॉलला दिला," बाबा म्हणाले. "बुधवारी येऊन घेऊन गेले. तिथे मुली शिकतात. इथे नुसता उभा राहून काय करणार?"

"मला विचारायचं तरी!" मी ओरडलेच.

"तुला लागत नाही असं वाटलं."

मी त्यांना सतरंजीवर बसवलं, माझे इयरफोन त्यांच्या कानांत घातले आणि ती 'काढलेला आवाज' फाइल लावली. ते डोळे मिटून ऐकू लागले. थोड्या वेळाने उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर हलायला लागली, एकामागून एक, चार तारा. स्वतःचं गुणगुणणं कानावर आलं तेव्हा ते जरासे लाजले.

मग डोळे उघडून, कानात इयरफोन असलेली माणसं बोलतात तसं, त्यांनी मोठ्याने विचारलं, "पण यात तू कुठे आहेस?"

"ही काय, समोर बसलेय ना," मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही.