नऊ नंबरची पिवळी बोट

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, किल्ल्या बनवतात. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत शिरलं तर मालकाला बाहेर यावं लागेल. कुलूप नुसतं बोटांनी चाचपून किल्ली घासून देतात. दुकानात त्यांचं सगळं कौतुकच. ताप होता तो त्यांच्या दुसऱ्या उद्योगाचा, आणि तो माझ्या गळ्यात पडला होता. अकरा वर्षं, दर रविवारी.

रिमोटच्या बोटींची शर्यत. बोट जेमतेम हातभर, पण पळते अशी की बघणाऱ्याची मान दुखावी. तळ्याच्या मधोमध गवताचं एक छोटं बेट, त्याच्याभोवती तीन लाल फुगे तरंगत असतात. प्रत्येक फुग्याशी उजवीकडे वळायचं, अशा सहा फेऱ्या. चालवणारा काठावरच्या फळीवर उभा राहतो आणि त्याच्या कानाशी एक सांगणारा असतो. आता वळा, पुढे गर्दी आहे, जरा दमानं. भाऊजींचा सांगणारा मी.

यंदा त्यांचं काय बिनसलं होतं देव जाणे. पाच शर्यती झाल्या, पाचही अर्धवट. कधी बोट गवतात, कधी थेट काठावर. त्यांनी बॅटरीला नावं ठेवली, वाऱ्याला ठेवली. मी त्यांना ठेवली, चारचौघांत, आणि चांगली मोठ्यानं. क्लबाचा नियम असा, की वर्षात एकही शर्यत पुरी झाली नाही तर नंबर जातो आणि रांगेतल्या पुढच्याला मिळतो. भाऊजींचा नऊ नंबर जायला आता एकच शर्यत उरली होती. आठवडाभर माणूस धड जेवला नाही.

त्या रविवारी पेटी उघडली आणि मी चक्रावलोच. जन्मापासून निळी असलेली बोट पिवळीधमक. मला वाटलं, ह्यांनीच रंगवली, शेवटची हौस म्हणून. त्यांना वाटलं, मी रंगवली. तेवढ्यात शिट्टी झाली आणि विचारायचं राहून गेलं.

मी पिवळ्या बोटीवर डोळा ठेवला. वळा म्हटलं की ती वळायची, आणि अशी सुरेख वळायची की मलाच खरं वाटेना. सहा फेऱ्या, दुसरा नंबर. मी भाऊजींना मिठीच मारली.

फेऱ्या लिहायला शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई असतात. त्यांनी वाचलं, नऊ नंबर, शून्य फेऱ्या. माझं टाळकं सटकलं. गणिताच्या बाईंना सहा मोजता येत नाहीत का, असंही मी बोललो. त्यांनी पेनानं बेटाकडे दाखवलं. गवतात एक पिवळी बोट उताणी पडली होती, पोटावर नऊ नंबर. इकडे काठाला आमच्यासारखेच दर रविवारी बोट आणणारे सलूनवाले दादा आपली पिवळी बोट उचलून घेत होते. त्यांची तीन वर्षांपासून पिवळीच. हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी डोक्यात होतं कुठे!

तरी मी वाद घालतच राहिलो. मी सांगत होतो, भाऊजी वळवत होते, बोट वळत होती, मग? बाईंनी शांतपणे समजावलं, की फुग्याशी सगळ्यांच्याच बोटी वळतात. पहिल्या फुग्याशी दादांची बोट पुढे होती. मी तिच्याकडे बघून वळा म्हणालो, मागे असलेली आमची आधीच वळली आणि बेटात घुसली. पुढचा सगळा वेळ मी दादांची बोट चालवायला सांगत होतो.

माझा गोंधळ झाला, कबूल. पण रिमोट ज्यांच्या हातात, त्यांना आपली बोट कळू नये? मी विचारलं.

ताई कधी नव्हे ती त्या दिवशी तळ्यावर आली होती. ती म्हणाली, "मी रंगवली. निळी पाण्यात दिसत नाही म्हणून."

"कुणाला दिसत नाही?" मला अजूनही उमगेना.

"यांना. कुणाला सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं माझ्याकडून. रंगवायचं नाही असं कुठे म्हणाले होते."

भाऊजींनी रिमोट खाली ठेवला. "लांबचं दिसत नाही मला. पलीकडचा फुगाही नाही. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा उपयोग नाही. दोन वर्षं तुझ्या आवाजावर चालवतोय."

मला एकेक शर्यत आठवायला लागली. बोट गवतात गेली तेव्हा मी दादांशी गप्पा मारत होतो. काठावर आदळली तेव्हा फोनवर होतो. आणि नावं ठेवली कुणाला, तर ह्यांना. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

क्लबाच्या पोरानं बेटावरून आमची बोट आणून दिली आणि बाई नंबर घ्यायला आल्या. भाऊजींनी नंबरच्या पाटीचे दोन्ही स्क्रू न बघता काढले आणि पाटी पुसून त्यांच्या हातात दिली. लोक सामान आवरायला लागले. भाऊजी मला म्हणाले, "एकदा सोडू का? सहाच फेऱ्या. नीट सांग मात्र."

तळ्यात आता एकच बोट होती. मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. वळा म्हणालो, वळली. फुग्यामागून फुगा गेला. ताई काठावर उभी राहिली.

"झाल्या का सहा?" भाऊजींनी विचारलं.

झाल्या होत्या. "नाही," मी म्हणालो, "पाचच."

"मी पण मोजतोय," भाऊजी म्हणाले. "पुढचं वळण कधी ते सांग."