सौंसरची दहाची नोट : १४१०५६

बाबांनी आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं, "भेटली का?" शेवटी शनिवारी सकाळी मी नागपूरहून निघालेच.

प्रत्येक नोटेवर अक्षरांपाठोपाठ सहा आकडे असतात. माझ्यासारखे नोटा जमवणारे वेडे त्यांत तारखा शोधतात. मला हवी होती १४१०५६, म्हणजे चौदा ऑक्टोबर छप्पन्न, धम्मदीक्षेचा दिवस. सहा वर्षांचे बाबा त्या गर्दीत आजोबांच्या खांद्यावर होते. आता त्यांना सकाळचं जेवण आठवत नाही, पण तो दिवस आठवतो. तोही पुसला जाण्याआधी ही नोट त्यांच्या हाती द्यायची होती. ती सौंसरच्या वानखडे काकांकडे असल्याचं एका मित्राकडून कळलं होतं.

सौंसरला नागपूरहून थेट बस आहे. घाई असेल तर तीच धरा. मी खिडकीतून बागा बघायच्या म्हणून मुद्दाम वाकडी वाट केली, रेल्वेने पांढुर्णा आणि पुढे बस. नरखेडनंतर धुक्यात संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. डोळा लागायचा, उघडायचा, तरी बागा संपत नव्हत्या. अर्धवट झोपेत मी झाडांनाही नंबर देत होते.

पांढुर्ण्याला स्टेशनबाहेर चहा घेतला. पैसे देताना सवयीने नोट उजेडात धरली.

"ताई, नोट देऊन राहिल्या का वाचून राहिल्या?" चहावाला म्हणाला.

मी त्याला सांगितलं, अक्षरं आणि आकड्यांमध्ये चांदणी असेल तर ती छपाईत बिघडलेल्या नोटेच्या बदली छापलेली असते. झालं, त्याने सगळा गल्ला उपसला!

"अन् सातशे शहाऐंशीवाली? मोबाइलवर तं लाखाची सांगतेत."

"हौशी माणूस चार पैसे जास्त देईल. लाखाचं विसरा." तो हिरमुसला, पण चहा पुन्हा भरला.

सौंसरला काकांचं घर लगेच सापडलं. जयभीम झाला, सुनेने संत्री पुढे ठेवली. काकांनी कपाटातून नोट काढली. नोट लॅमिनेट केलेली होती!

"रेशनकार्डासंगं हे बी पक्की करून घेतली," काका अभिमानाने म्हणाले. "आता पान्यात पडली तरी काही होत नाही."

"किती येतीन जी हिचे?" सुनेने विचारलं.

खोटं बोलवेना. लॅमिनेट केलेली नोट संग्राहक घेत नाहीत, हे मी सांगून टाकलं. सून संत्र्याची सालं गोळा करून आत गेली. मी मात्र त्या चॉकलेटी नोटेवरून नजर हलवू शकत नव्हते. या नव्या नोटांवर आकडे उजवीकडे मोठे होत जातात, त्यामुळे छप्पन्न सगळ्यांत ठळक दिसत होतं. मी बाबांबद्दल सांगितलं. सांगताना रडू आलं.

काका बराच वेळ नोट चोळत बसले. "माही माय बी गेली होती तिथं. मी पोटात होतो." मग त्यांनी नोट माझ्या हातात ठेवली. "तुमच्या बाबानं तं डोयानं पाह्यलं. त्याइलेच द्या."

मी पाचशे काढले. त्यांनी हात जोडले. "दहाची हाये, दहाच द्या." माझी दहाची नोट त्यांनी उलटून पाहिली. "हिचा आकडा?"

"साधाच आहे, काका."

"राहू द्या. तुमची आठवन म्हनून ठेवतो."

परतीला थेट बस घेतली. जामसांवलीच्या मंदिरातून आलेले भाविक डुलक्या घेत होते. मी नोट मुठीत घट्ट धरून बसले होते.

घरी ती जाड नोट अल्बमच्या कप्प्यात शिरेना. बाबांनी संत्र्याच्या चिकट बोटांनीच ती घेतली, एकेक आकडा चाचपला आणि खिशात टाकली. कोरी करकरीत मिळाली असती तर मी त्यांना हातसुद्धा लावू दिला नसता, हे कळून मलाच लाज वाटली.

मी कुठे गेले होते, हे दुसऱ्या दिवशी ते विसरले होते. त्यांनी खिशातून नोट काढली, सदऱ्याला पुसली आणि मलाच दाखवली.

"हे पाह्य. या दिवशी मी तिथं होतो."