शेवटच्या झाडांचं तापमान

आमच्या भावोजींचं सगळं आयुष्य एका थर्मामीटरने खाल्लं, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलं आहे. ते हसतात. ताईला हसू येत नाही.

डोंगरावर जिथे जंगल संपतं, तिथे त्यांचं निरीक्षण केंद्र आहे. दोन खोल्या, एक शेगडी आणि नोंदवही. शेवटच्या झाडांच्या मुळाशी गाडलेला थर्मामीटर ते सव्वीस वर्षं रोज सकाळी सात वाजता वाचतात. तिथली झाडं माझ्या कमरेएवढी, वयाने मात्र माझ्या आजोबांहून मोठी. मला वाटलं, बिचारी उपाशी असतील. भावोजी म्हणाले, ऊन भरपूर आहे, पानं अन्नही करतात. पण गारठ्यात नवं लाकूडच घडत नाही. पाच-सहा अंशांखाली वाढ जवळपास थांबते. उबेचे निदान तीन महिने मिळाले नाहीत, तर त्याहून उंचावर झाडाला उभं राहणं जमत नाही. गवताचं बरं असतं, ते जमिनीच्या उबेला चिकटून राहतं.

मला झाडांचं सोयरसुतक नव्हतं. काळजी ताईची होती. तिचे गुडघे गारठ्याने कामातून गेले होते. आणखी एक हिवाळा वर काढलात तर चालणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवऱ्याला एकटं सोडून ती खाली यायला तयार नव्हती. बदलीच्या अर्जाला ठरलेलं उत्तर यायचं, वाचणारा बदलला की आकड्यांची सलगता जाते. राजीनामा द्या म्हटलं, तर सव्वीस वर्षांचं काम वाऱ्यावर कसं सोडू, म्हणे.

यंदा आपोआप नोंद करणारं यंत्र आलं. ताईने ट्रंका भरल्या. मी माझ्या घरातली एक खोली रंगवून घेतली आणि त्यांना आणायला वर गेलो, तर कार्यालयाचं पत्र माझ्याआधी पोचलेलं. यंत्राचे आकडे जुन्यांशी जुळतात का हे पाहण्यासाठी पाच वर्षं दोन्ही नोंदी बरोबरीने चालवायच्या. वाचणारा तोच.

मी भडकलो. कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून हे निघालं, म्हणून विचारलं. भावोजी पत्राची घडी घालू लागले.

"माझं मत मागवलं होतं," ते म्हणाले. "खरं तेच लिहिलं मी."

"किती वर्षं लिहिलीत?" ताईने विचारलं.

"दहा. त्यांनी पाचवर आणलं."

ताई गुडघ्यावर हात टेकत उठली आणि ट्रंकेतली पांघरुणं बाहेर काढू लागली. मला रागाने रडू येत होतं, तरी मी तिला हातभार लावला.