दाजींची सायकल

दादा आमच्या घरची वस्तू कधी ठेवून घेत नाही. लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हापासूनचं हे. लोणच्याची बरणी दिली तर ती धुऊन, पुसून, आत शेंगदाणे नाहीतर गूळ घालून परत यायची. बहिणीच्या घरी द्यायचं असतं, तिथनं न्यायचं नसतं, हे आईनं त्याच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. मी चिडायचे, त्याच्यावर काही परिणाम व्हायचा नाही.

त्यामुळं भाऊबीजेला तो नांदेडहून एस.टी.नं आला आणि मी म्हणाले, "परत सायकलीनं जाऊ, मीपण येते, तू ह्यांची घे," तेव्हा तो आधी नकोच म्हणाला. डोंगराला भिऊन नव्हे. सायकल दाजींची म्हणून.

उन्हाळ्यात वहिनी गेली होती. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. तो एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, त्यामुळं दिवसभर घरातच. फोन केला की 'जेवलो', 'बरा हाय', 'ठेव आता' एवढंच. वर्षाचं सुतक, त्यामुळं सण नव्हता. मी नुसतं कुंकू लावून ओवाळलं. त्यानं ताटात पाकीट टाकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आता तुझं सगळं झालं." ते मला निरोप घेतल्यासारखं वाटलं. एकट्याला परत पाठवायचं नाही, एवढं तेव्हाच ठरवलं. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, मला सायकलीचं वेड होतं, आणि ह्यांची गियरची सायकल वऱ्हांड्यात टॉवेल वाळत घालायच्या कामाची उरली होती. चढाला दम लागला की माणूस बाकीचं विसरतो, असा माझा अडाणी हिशोब.

अहमदपूरच्या पुढं आम्ही हायवे सोडला. बालाघाटाचे डोंगर म्हटलं की पुण्याकडचे लोक हसतात, पण त्यांनी ते एकदा सायकलीवरून चढावेत. खडी उखडलेला रस्ता, दोन्ही बाजूंना सीताफळाची झुडपं, मैलोन्‌मैल माणूस नाही. चढ संपला की खाली धरणाचं पाणी दिसायचं, वळण घेतलं की नाहीसं व्हायचं. दादा माझ्या पुढं. एका उतारावर तो चक्क हसला, म्हणाला, "दाजीचं ब्रेक लई भारी हायेत, वापरलेच न्हाईत त्यायनी." मला इतका आनंद झाला की मीच डोळे पुसत उतरले.

मुक्काम धरणाच्या तळ्याकाठच्या एका वस्तीवर होता, आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या बहिणीकडं. बाईनं पिठलं-भाकरी केली. दादा दीड भाकरी जेवला. मी निर्धास्त झोपले.

सकाळी हातपंपावर तोंड धुऊन आले तर त्याची सायकल नव्हती. ओट्यावर त्याचं सामान मात्र होतं. पिशवी, चादर, पाण्याची बाटली, गोळ्यांची डबी. हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान त्यानं सायकलीवरून सोडून, फडक्यावर ओळीनं मांडून ठेवलं होतं. जन्मभर गाड्या दुरुस्त केलेला माणूस पंपाशिवाय कोपऱ्यापर्यंत जात नाही.

"कुठं गेला?" मी बाईंना विचारलं.

"लई येरवाळी गेले, उजाडता उजाडता. च्या घ्या म्हणलं, तर नको म्हणले."

"पण कुठं म्हणून विचारलं नाही का तुम्ही?"

"जाणाऱ्या माणसाला कुठं चाल्लाव म्हणू न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "या जाऊन, म्हणलं मी."

माझी आईसुद्धा तेच म्हणाली असती. आमच्याकडं निघालेल्या माणसाला कुणी 'कुठं' विचारत नाही, अपशकुन होतो म्हणून. त्या क्षणी मला त्या बिचाऱ्या बाईंचा, आईचा, सगळ्या शकुन-अपशकुनांचा भयंकर संताप आला. फडक्यावरचं सामान पिशवीत टाकलं, सायकल काढली आणि निघाले.

वस्तीपासून दोन वाटा फुटत होत्या, एक वर डोंगराकडं आणि दुसरी पाण्याकडं. डोंगराची घ्यावी असं फार वाटलं. पाण्याची घेतली.

वाट म्हणजे बैलगाडीची चाकोरी, कडेनं बाभळी. मी हाका मारत होते. 'दादा' ही हाक त्या उघड्या माळावर एवढी बारीक वाटत होती की माझी मलाच भीती वाटली. काठावर एक भोई थर्माकोलच्या तराफ्यावरून नुकता उतरत होता. त्याला विचारलं.

"सायकलवाला? हाव, पाहिला की. भिंतीकडं गेला. तिथं लई येळ पाण्याकडं बघून राहिलता."

"मग?"

"मग म्या जाळं वढाया लागलो."

धरणाची भिंत लांब दिसत होती, त्यावर माणूस दिसत नव्हता. मी जीव खाऊन पायडल मारलं आणि जरा पुढं गेले तेवढ्यात मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. सायकल टाकून पळावं असं वाटलं आणि पळालेही, पण दगडगोट्यांत धाप लागून थांबले. चालत तिथवर पोचायला फार वेळ लागला असता. परत आले, चाक खोललं, ट्यूब काढली. पंक्चर कायम दादाच काढायचा. मी शेजारी बसून गप्पा मारायचे.

भोक सापडेना. हवा भरून ट्यूब तळ्याच्या पाण्यात बुडवली आणि बुडबुड्यांची वाट बघत बसले. पाणी गार होतं, स्वच्छ होतं, आणि मला त्यात ट्यूबशिवाय दुसरं काही बघायचं नव्हतं. देवाला मी त्या वेळी काय काय कबूल केलं ते सांगायची लाज वाटते. शेवटी एका जागी बुडबुडे आले. सोल्युशन लावून ठिगळ चिकटवलं, ते दोनदा वाकडंच बसलं.

हवा भरत असताना मान वर केली तर भिंतीकडून कुणीतरी येत होतं. चालत. सायकल हातात होती, पण मागचं चाक जमिनीवरून उचलून धरलेलं, आणि त्या वजनानं माणूस एका बाजूला कलला होता. दादा होता.

मी उठलेही नाही. तो जवळ आला, सायकल अलगद आडवी ठेवली.

"पंक्चर झाली येताना," तो म्हणाला. "बिनहवेची वढली तर रिंग वाकती."

"पंप का नाही नेलास?"

त्यानं माझ्या हातातल्या पंपाकडं बघितलं. मग म्हणाला, "लागायचा न्हवता."

मी त्याला मारलं. मोठ्या भावावर आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला. खांद्यावर, छातीवर, जिथं लागेल तिथं. तो जागचा हललासुद्धा नाही. मी दमून खाली बसले तसा तोही बसला.

"भिंतीला टेकवून ठिवली हुती," तो म्हणाला. "पायऱ्या उतरून खाली बी गेलतो. मग मागं बघितलं. म्हणलं, दाजीची सायकल हाय. इथून त्यायला कोण नेऊन देईल."

एवढंच. मी नाही, वहिनी नाही, देव नाही. परत द्यायची वस्तू अंगावर राहिली म्हणून माझा भाऊ पायऱ्या चढून वर आला होता. त्याला आमची आठवण झाली नाही याचं वाईट वाटायला पाहिजे होतं, पण मला फक्त एवढं कळत होतं की तो शेजारी बसून श्वास घेतोय. थोड्या वेळानं त्यानं माझ्याजवळचं सोल्युशन घेतलं, त्याच्या चाकातला काटा शोधून पंक्चर काढलं, आणि मी वाकडं लावलेलं ठिगळ बघून तेही उचकटून नीट लावलं.

नांदेडला पोचल्यावर पहिल्यांदा त्याच्या वर्कशॉपमधल्या दोस्ताला बोलावून घेतलं आणि सगळं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. दोस्त रात्री त्याच्याकडं झोपायला येऊ लागला. मी निघायच्या दिवशी दादानं ह्यांची सायकल धुऊन, पुसून दारात आणली.

"एस.टी.च्या टपावर टाकतो, घेऊन जा."

"माझीच चढवायची आहे, दोन कुठं सांभाळू," मी म्हणाले. "राहू दे. पुढच्या महिन्यात येऊन नेते."

पुढच्या महिन्यात गेले, पण कंबर दुखत होती. नंतर परीक्षा होत्या. नंतर पाहुणे होते. जाते मी वरचेवर, सायकल तेवढी आणत नाही. दर रविवारी त्याचा फोन येतो. चेनला तेल दिलं, हवा भरली, जरा चालवून आणली. कधी नेतीस?

"येते की दादा. तोवर तुलाच बघावं लागंल."

"हाव," तो म्हणतो. "वस्तू लोकाची हाय."

हे शेजारी बसून सगळं ऐकत असतात. मग पिशवी उचलतात आणि भाजी आणायला चालत जातात.