भोंग्याले सरावलेले बैल

पाटील दर शनवारी मालधक्क्याची पायरी चढायच्या आधी वाहणा काढत, खांद्यावरच्या उपरण्यानं पायाची धूळ झटकत, अन् मंग एकच विचारत, "आली का?"

काय आली, हे सांगायची गरज नव्हती. सारं मलकापूर ओळखून होतं. पाटलाची मोटार पावणेदोन वर्षांपासून येऊन राह्यली होती, अन् येत नव्हती.

मी तवा बावीस वर्षाचा. एका अडत्याकडे कारकून होतो. स्टेशनावर आलेला त्याचा माल सोडवून आणणं हे माह्यं काम. म्हणजे दिवसभर धक्क्यावर बसणं, अन् बसल्या बसल्या लोकाह्यच्या नकला करणं. मास्तर, फौजदार, मालबाबू, माह्या हातून कोणी सुटला नाही. पण हमालाह्यची फर्माईश ठरलेली असे. "बाबू, पाटील होऊन दाखव." मी वाहणा काढायचो, पाय झटकायचो, मान जराशी वाकडी करायचो अन् म्हणायचो, "आली का?" हमाल सरकीच्या पोत्यावर लोळून हसायचे. तुम्ही असते तं तुम्हीबी हसले असते. उगाच साव बनू नका.

पाटलाचं गाव मलकापूरपासून तीन कोसावर. जमीन चांगली, दोन बैलजोड्या, अन् बसाले एक दमणी, म्हणजे हलकी छपराची बैलगाडी. बायको जाऊन लय वर्षं झाली होती. घरात एक पोरगी, ती चिखलीत दिली. लग्नानंतर पाटील पहिल्यांदा पोरीच्या सासरी गेले ते दमणी जुतून. व्याही दारात उभे राहून, चार लोकाह्यसमोर म्हणाले, "पाटील, आमच्या दारी मोटारी लागतात. बैल कोठं बांधता?"

पाटील दमणीतून खाली उतरले. म्हणाले, "मंग आता तुमच्या दारी येईन तं माह्या मोटारीनं येईन. तवरोक पायी फिरन."

बोलले अन् माघारी फिरले. चिखलीहून बुलढाणा, बुलढाण्याहून घाट उतरून गावापर्यंत, दमणीच्या बाजूनं पायी आले. आत गादी रिकामी, बाजूनं मालक पायी. गाडीवान म्हणे, मले खाली उतरावं का बसून राहावं हेच समजे ना.

लढाई नुकतीच सरली होती. मोटार दुकानातून उचलून आणायचे दिवस नव्हते, नंबर लावा लागे. पाटलानं नागपुरात एका एजंटाकडे नंबर लावला. कार्ड आलं, नंबर चौऱ्याहत्तर. सहा महिन्यांनी दुसरं कार्ड आलं, नंबर एक्क्याऐंशी. मधात कोणी डॉक्टर, कोणी साहेब घुसले होते. कार्ड इंग्रजीत असे, म्हणून पाटील ते मले वाचाले देत.

"पाटील, तुमचा नंबर मांगं चालून राह्यला," मी म्हटलं. "बैलबी मांगं सरतो, पन एवढा नाई सरत."

"सरू दे," पाटील म्हणाले. "एवढी गर्दी आहे म्हनजे माल चांगला असन."

इकडे गावात तयारी जोरात. अर्धा गोठा पाडून मोटारखाना बांधला. ड्रायव्हर आधीच नोकरीले ठेवला, कारण आयत्या वेळी भेटत नाही म्हणे. तो टोपी घालून म्हशी धुवायचा. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भोंगा. मोटार आल्यावर बैल बुजतीन, पळतीन, कोणाच्या अंगावर जातीन, म्हणून पाटलानं रबरी फुग्याचा पितळी भोंगा आधीच घेऊन ठेवला होता. रोज पहाटे ड्रायव्हर गोठ्यात जाई अन् बैलाच्या कानाशी भोंगा दाबे. पहिल्या हप्त्यात बैलाह्यनं दावी तोडली. महिन्याभरात कान टवकारायचे. सहा महिन्यांनंतर शेपटीबी हलत नव्हती. पाटील खुशीत सांगत, "जनावराले शिकवलं तं समजते बरं."

हेबी मी करून दाखवत होतो. भोंगा मी, बैलबी मीच.

अन् अशातच चिखलीहून चिठ्ठी आली. पोरीले सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत तुम्हाले ठाऊकच आहे. न्याले बाप नाही तं भाऊ जाते. तिले भाऊ नव्हता. चिठ्ठी पाटलानं मलेच दाखवली, कारण त्याह्यचा चष्मा फुटला होता. पोरीनं लिहिलं होतं, 'बाबा, कशानंही या. मी रोज उंबऱ्यात बसते. रस्त्यानं बैलाचे घुंगरू वाजले का उठून पाहते.'

पाटलानं चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली.

पुढच्या शनवारी धक्क्याबाहेर दमणी उभी. आत नवी गादी, दोन उशा, पाण्याचा घडा. पाटील अजूनही बाजूनं चालतच आलेले. वाहणा काढल्या, पाय झटकले.

"आली का?"

"नाई आली, पाटील."

"बरं. मंग मी निघतो." उपरणं खांद्यावर टाकलं. "बोललो ते बोललो. थुंकलेलं चाटा लागन, आनखी काय. पोरगी वाट पाहून राह्यली. पन जाता जाता एकडाव मालबाबूले विचार. नाई तं मी घाट चढन अन् मोटार इकडे येईन."

मालबाबू जेवाले गेला होता. खिडकी लावलेली होती. हमालाह्यनं माह्याकडे पाह्यलं. एकानं डोळा मारला.

मी मांगच्या दारानं आत गेलो. मालबाबू नाकातून बोले अन् दर वाक्याच्या शेवटी 'समझे?' म्हणे. मी खिडकी बोटभर उघडली. "पाटीलजी, भुसावल से खबर आयी है. आपकी मोटर परसों की मालगाडी से आ रही है. समझे?"

फटीतून मले पाटलाचं अर्धंच तोंड दिसे. ते अर्धं तोंड असं उजळलं का मी घाबरलो.

"बाबूजी, पक्कं?"

हमाल तोंडात उपरण्याचे बोळे कोंबून हसत होते. नकलाकाराले एवढं भेटलं का तो थांबत नाही.

"पक्का. समझे?"

पाटलानं दमणी वळवाले लावली. स्वतः पोस्टात गेले अन् चिखलीले तार ठोकली, 'परवा मोटार घेऊन येतो.' पोस्ट धक्क्यापासून दोन मिनिटाच्या वाटेवर. मी पळालो असतो तं तार जायच्या आधी पोचलो असतो. पण दोन हमाल चहाले गेले होते, त्याह्यनं पाह्यलं नव्हतं. त्याह्यले मी सारं पुन्हा करून दाखवत होतो.

तिसऱ्या दिवशी मालगाडीत खरंच एक उघडी वॅगन होती. वर ताडपत्री, खाली काहीतरी गोल, मोठं. पाटील हार, नारळ, कुंकू घेऊन आलेले. मांगं टोपीवाला ड्रायव्हर, हातात भोंगा. मी म्हटलं, "पाटील, नवरी पदर घेऊन बसली आहे."

पाटलानं ताडपत्रीले कुंकू लावलं, नारळ फोडला, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. हमालाह्यनं दोऱ्या सोडल्या. खाली जिनिंग फॅक्टरीचा बॉयलर निंघाला.

सारा धक्का हसला. सगळ्यात मोठ्यानं मी.

पाटील बॉयलरकडे पाहत उभे राह्यले. मंग बसले, नारळाचे तुकडे केले अन् सगळ्याह्यले वाटले. मलेबी दिला. "घे. देवाचं आहे," म्हणाले. माह्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाह्यलं.

तुम्ही म्हणसान, मंग तवा तरी दमणी घेऊन जायचं होतं. कसं जाणार? तार पोचली होती. व्याह्यानं सारी गल्ली गोळा करून ठेवली होती मोटार पाहाले. आधी बैलगाडीनं गेले असते तं एक बाप पोरीले न्याले आला असता. आता गेले असते तं खोटी तार करणारा पाटील गेला असता. पाटील थांबले. आज नाही तं शनवारी, आज नाही तं शनवारी.

पोरगी सासरीच बाळंत झाली. माहेरचं कोणी नव्हतं. मुलगी झाली. दोघी जगल्या, हे ड्रायव्हरनं सांगितलं. पुढच्या शनवारी पाटील आले, पाय झटकले, "आली का?" मी म्हटलं, "नाई." ते पायऱ्या उतरून गेले अन् हमाल म्हणाले, "बाबू, होऊन दाखव." अन् मी दाखवलं.

मोटार आली तवा नात रांगाले लागली होती. काळी, चकचकीत, वॅगनवर दोरानं बांधलेली. पाटलानं या डाव नारळ आणला नव्हता. मोटारीले हात लावला अन् काढून घेतला.

"तू चाल संग," मले म्हणाले.

"मी काऊन, पाटील?"

"खिडकीतून कोन बोललं, ते मले बॉयलरच्याच दिवशी समजलं. पोरीले तू सांग. मी सांगितलं तं म्हनन, बाप बहाने करते."

आम्ही मोटारीनं चिखलीले निंघालो. मी मनात वाक्य जुळवत होतो. व्याही बाहेर आले, मोटारीभोवती एक चक्कर मारली, चाक अंगठ्यानं दाबून पाह्यलं. "चांगली आहे. पन आता याहून नवी निंघाली म्हनतात."

पोरगी उंबऱ्यात आली, कडेवर लेकरू. खाली उतरली नाही.

"चाल बाई," पाटील म्हणाले. "न्याले आलो."

"बाबा, मी घुंगराकडे कान लावून बसली होती," ती म्हणाली. "मोटारीचं मले काय?"

पाटलानं माह्याकडे पाह्यलं. "हा पोरगा तुले काई सांगते."

ती माह्याकडे पाहाले लागली. व्याहीबी. मी तोंड उघडलं अन् म्हणालो, "रस्त्यानं धूळ लय होती."

"असन," ती म्हणाली. आतून पाणी आणलं. मले दिलं, ड्रायव्हरले दिलं, बापाले दिलं. पाटलानं नातीकडे हात केले तशी ती रडाले लागली. पोरगी तिले घेऊन आत गेली.

त्यानंतर पाटील धक्क्यावर कधी आले नाहीत. मोटारीत पुन्हा बसलेबी नाहीत. दुसऱ्या वर्षी गेले. मोटारखान्यात कोंबड्या अंडी घालतात म्हणे. हमाल मात्र अजूनही म्हणतात, होऊन दाखव, अन् मी वाहणा काढतो.

त्या दिवशी चिखलीहून परतताना, घाट उतरल्यावर, गाव कोसभर राह्यलं असन, पाटील ड्रायव्हरले म्हणाले, "थांबव." उतरले, वाहणा हातात घेतल्या अन् मोटारीच्या पुढं, रस्त्याच्या मधातून चालू लागले. पुढं त्याह्यचेच बैल वावरातून घरी चालले होते. पाटील त्याह्यच्यात मिसळले. ड्रायव्हरनं भोंगा दाबला. बैल हटले नाहीत. पुन्हा दाबला. एकाचीबी शेपटी हलली नाही. पाटलानंबी मांगं वळून पाह्यलं नाही. गाडी तशीच, बैलाच्या चालीनं, गावापर्यंत गेली, अन् मांगच्या सीटवर मी एकटा बसून होतो.