मामांनी सोडलेली बिडी

पुलाच्या मध्यावर मामा थांबले, कठड्याला टेकले आणि त्यांचा उजवा हात आपोआप कानाकडे गेला. कानावर काहीच नव्हतं. मग तोच हात केसांवरून फिरवून त्यांनी खाली घेतला.

"दम लागला का मामा?"

"दम कनचा? खालची गाडी बगतंय."

खाली गाडी नव्हती. रिकामे रूळ होते. मीही रुळांकडे बघत उभी राहिले.

मामा म्हणजे माझे सासरे, भगवंत. आम्ही कात्रपहून निघून पश्चिमेला उल्हास नदीवर चाललो होतो. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं, आणि नदीवर दिवा सोडायचा असं मामांच्या मनात होतं. माझे मिस्टर धर्मेश रिक्षा बोलवत होते, तर मामा म्हणाले, "रिक्षात बसून गेलो तं जनीला वाटंल, ह्यो अजून फुकतंयच." म्हणून चालत. आणि सोबत मी, कारण गेलं वर्षभर त्यांच्याबरोबर चालायचं काम माझंच होतं.

आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच भाताच्या शेतावर. लिफ्टमध्ये शिरताना ते शेजाऱ्यांना सांगायचे, "इथं खड्डा व्हता, चांगले चिंबोरे मिलायचे." लिफ्टमध्ये खेकड्यांच्या गोष्टी, म्हणून शेजारी हसायचे. तरुणपणी सकाळी शेत आणि दुपारनंतर अंबरनाथच्या कंपनीत पाळी, असं त्यांचं आयुष्य गेलं. दोन्हीकडे कानावर बिडी. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती आहे. डोक्याला फेटा, अंगावर नवा सदरा आणि कानावर बिडी. फोटोवाला म्हणाला होता, काका ती काढा. मामा म्हणाले, "काढली तं व्याही वलकनार नाय मना."

सासूबाई बिडी ओढत नव्हत्या, पण त्यांना मशेरी लागायची. तव्यावर तंबाखू भाजून, चुरून, पितळेच्या डबीत भरून कमरेला खोचायच्या. सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावायच्या. गालाच्या आत फोड आला तो त्यांनी कितीतरी दिवस कुणाला दाखवला नाही. दाखवला तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. शेवटी शेवटी पेजही आत जाईना. मामा वाटी घेऊन बसायचे, चमचा ओठांशी न्यायचे आणि तसाच परत आणायचे.

दहावा याच नदीवर झाला. पिंडाला कावळा शिवेना. धर्मेशनी सगळी वचनं दिली, मी हात जोडून बोलले, भात, वडे, त्यांना आवडायचा तो सुक्या जवळ्याचा घास, सगळं मांडून झालं. झाडावर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. तेव्हा बनूबाई पुढे आल्या. त्या मामांच्या धाकट्या बहीण. त्यांनी पदराखालून सासूबाईंची ती पितळेची डबी काढली, उघडली आणि पानावर ठेवली. लगेच कावळा उतरला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बायका म्हणाल्या, बघ गो, जीव कशात होता तिचा.

मामांनी तेवढे हात जोडले नाहीत. परत येताना रिक्षात ते माझ्याशेजारी होते. एकदम म्हणाले, "जिनं तिला खाल्ली, तीच तिच्याफुडं ठेवली. नि आपन खूश झालो." मग कानावरची बिडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "ठेव तुझ्याकडं. मागली तरी देऊं नको."

खोकला त्यांना आधीपासूनच होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितलं होतं, गेलं ते येणार नाही, उरलंय ते राखा. त्यांचं ऐकलं नव्हतं. त्या डबीचं ऐकलं.

सोडली म्हणजे काय सहज नाही सुटली. चहा झाला की ते काडेपेटी शोधत घरभर फिरायचे. चहाबरोबर बिडी एवढं अंगात भिनलेलं. मग मी एक युक्ती केली. कप खाली ठेवला की लगेच चप्पल घालायची आणि निघायचं, घरात बसायचंच नाही. देव्हाऱ्यातल्या देवीसमोरच्या वाटीतल्या दोन लवंगा मी चघळायला त्यांच्या खिशात टाकायचे. नवस बोलू का, म्हणून त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, नको मामा, मोडला तर तुम्हाला दोन दोन दुःखं होतील. देवीला नुसतं सांगा, सोबत राहा म्हणून.

नाक्यावरच्या कट्ट्यावर त्यांचे जुने सोबती बसायचे. आम्हाला बघून ओरडायचे, "काय रं भगवंता, सून शालेत न्यायला लागली काय?"

"हां," मामा म्हणायचे, "तुमी सगले नापास झाले, माझी परीक्षा बाकी हाय."

एकदा संध्याकाळी मी वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर गेले, तर टाकीच्या आडोशाला वास आला. मामा भिंतीला पाठ लावून बसले होते. बोटात अर्धी बिडी. मी कपडे काढत राहिले. ते लहान मुलासारखे म्हणाले, "धर्मेशला सांगशील?"

"नाही."

"जनी असती तं बोंबलली असती."

"मग बोंबलू का मी?"

ते हसले, हसताना खोकला आला आणि खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं. उरलेली बिडी त्यांनी स्वतःच टाकीखाली साचलेल्या पाण्यात बुडवून विझवली. दुसऱ्या दिवशी मी हाक मारायच्या आधीच चप्पल घालून दारात उभे. त्यानंतर मात्र त्यांनी बिडीला हात लावला नाही. फक्त तो हात कानाकडे जायचा, रिकामा परत यायचा. ते शेवटपर्यंत राहिलं.

उरलं होतं ते फार नव्हतं, एवढंच. सोडायला उशीर झाला होता. पुढच्या थंडीत घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी घालून मामा खिडकीशी बसायचे, चालणं संपलं. चहा झाला की माझ्याकडे बघायचे आणि पायाच्या बोटांनी चप्पल शोधायचे. मी चप्पल पुढे सरकवायचे, ते पाय घालायचे आणि तसेच बसून राहायचे. एक दिवस चहा प्यालेच नाहीत.

त्यांचा दहावाही उल्हास नदीवरच. पुन्हा तेच. कावळा शिवेना. ऊन चढलं. बनूबाईंनी कनवटीची बिडी काढली, कानावर ठेवतात तशी आडवी पानावर ठेवायला वाकल्या. मी मध्ये हात घातला.

"आत्या, नको."

"अगो, येडी काय तू? त्याचा जीव कशात हाय ते गावाला ठाव हाय."

"नको म्हणते ना."

धर्मेश माझ्याकडे बघत राहिले. त्यांचेही डोळे सांगत होते, ठेवू दे ना, संपू दे एकदाचं. मी पानावरचा हात काढला नाही. गुरुजींनी खूप वाट बघितली आणि शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. चालतं तसं, शास्त्रात आहे, असं ते म्हणाले. पण बनूबाई आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. लग्नकार्यात भेटल्या की दुसऱ्यांना ऐकू जाईल असं बोलतात, "सुनेनं माझ्या भावाला उपाशी धाडला." सांगितलं तरी त्यांना ते खरं वाटणार नाही. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा देवीला विचारते, पोचले ना ते? मग दोन लवंगा वाटीत टाकते.

मला ठाऊक आहे ते एवढंच, की त्या दिवशी पूल उतरून आम्ही नदीवर पोचलो, सासूबाईंचा दिवा पाण्यात सोडला, आणि दिवा दिसेनासा होईपर्यंत मामा काठावर बसून राहिले. झाडावर कावळे होते. त्यांच्याकडे बघत म्हणाले,

"मनाली, मी गेल्यावर हितं कोनतरी माझ्याफुडं बिडी ठेवंल. कावला नाय आला तं नाय आला, बसूं दे त्याला झाडावर. पन तू ठेवूं देऊं नको. लय कष्टानं सोडलीय गो. मना परत देऊं नको."